काटा हिरव्यावर

मुरगूडच्या आठवडी बाजारात शेवंताबाई कांबळे यांना वांगी विकायची असतील, तर काट्याशी खेळ करून चालत नाही. भाजीवाल्यानं किलो म्हणून पिशवीत टाकलेली वांगी बाई एकदा हातात तोलतात आणि शांतपणे म्हणतात, "नऊशेच हायत, दादा." तो चिडतो, चारचौघांसमोर पुन्हा काट्यावर घालतो, आणि वांगी नऊशे दहा भरतात. ती दहा ग्रॅमची चूक बाई मोठ्या मनानं कबूल करतात. भाजीवाला मग आणखी एक वांगं पिशवीत टाकतो.

हाताला हे वळण बाजारानं लावलेलं नाही, तान्ह्या पोरांनी लावलंय. मुरगूडपासून चार किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठाला त्यांचं गाव. तिथं गेली सोळा वर्षं त्या आशाताई आहेत. गावात कुणाला दिवस गेले, कुणाला कितवा लागला, कुणी रक्तवाढीच्या गोळ्या उशाखाली लपवून ठेवल्या, सगळं त्यांना ठाऊक. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाई दारात हजर. खांद्याच्या पिशवीतून स्प्रिंगचा काटा निघतो. त्याला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत पोर ठेवायचं आणि हात उंच करून काटा डोळ्यांसमोर धरायचा. काट्यावर तीन रंगांच्या पट्ट्या आहेत. दोन किलोच्या आत लाल, अडीचपर्यंत पिवळी, त्यापुढं हिरवी. ज्या आज्ज्यांना आकडा वाचता येत नाही त्यांनाही रंग कळतो. त्यामुळं या गावात पोराचं वजन किलोत कुणी विचारत नाही. "हिरव्यात हाय का?" एवढंच विचारतात.

तीनशेच्या वर पोरं या झोळीतून गेली. आता पोर नुसतं हातावर घेतलं की काट्याआधी बाईंना आकडा कळतो. उपकेंद्रातल्या सिस्टर कधी गंमत म्हणून परीक्षा घेतात. पन्नास ग्रॅमच्या पलीकडं बाई चुकल्याचं त्यांनाही आठवत नाही. गावाला याचं भारी कौतुक. बाईंना मात्र या शहाण्या हातांचा एक जाच होता, आणि तो त्यांनी कुणाजवळ, अगदी नवऱ्याजवळ, बाबासोंजवळही बोलून दाखवला नव्हता.

छत्तीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी घरीच जन्मली. तेव्हा शेवंता अठराचीही नव्हती. कंदिलाच्या उजेडात सुईणीनं नाळ कापली, पोर फडक्यात गुंडाळून दिलं. वजन करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पोर मांजराच्या पिलाएवढं रडायचं, दूध ओढता ओढता दमून झोपायचं. नवव्या दिवशी ते गेलं. बारशाला तीन दिवस राहिले होते, त्यामुळं त्याला नावही नव्हतं. पुढं दोन मुलगे झाले, ते मोठे झाले, कामाला लागले, आणि ती मुलगी घराच्या बोलण्यातून हळूहळू निघून गेली. मग शेवंताबाई आशाताई झाल्या. दुसऱ्याच वर्षी वीटभट्टीवरच्या एका बाईचं पोर त्यांनी वजनासाठी उचललं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हाताला ओळख पटली होती. काटा लालमध्ये, सोळाशेवर. आपली पोर किती किलोची होती, हे त्यांना असं वीस वर्षांनी कळलं.

आता चिमणाबाईंकडं येऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकणार नाही, आणि त्यांना मागं ठेवलेलं त्यांना चालतही नाही.

चिमणाबाई खराडे देवळामागच्या गल्लीत राहतात. वय चौसष्ट, अंगानं काटक, आवाज असा की त्यांनी गोठ्यातून म्हशीला दम दिला तर दूध संस्थेत रांगेतली माणसं सरळ उभी राहतात. तीन मुलगे, लेक नाही. दोघे थोरले पुण्याला गेले. धाकटा विजयसिंह कागलच्या कारखान्यात शिफ्ट करतो. त्याची बायको तेजस्वी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. सोळा वर्षांपूर्वी शेवंताबाई या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना चहा वेगळ्या कपातून मिळायचा. तो कप कधी फुटला आणि तसा दुसरा का ठेवला नाही, यावर दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही. फुटला ते झ्याक झालं.

तेजस्वीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. राजवीर जन्मला तो एक किलो आठशे पन्नासचा, लाल पट्टीतला. एकोणीस दिवस तो काचेच्या पेटीत होता आणि एकोणीस दिवस चिमणाबाई कोल्हापुरात दवाखान्याच्या जिन्यात बसून होत्या. राजवीर आता चार वर्षांचा आहे आणि हाताला येईल ते फोडतो. पण ते दिवस घरातलं कुणी विसरलेलं नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला, तेजस्वीला तिसरा लागला आणि शेवंताबाई नाव नोंदवायला आल्या, तेव्हा चिमणाबाईंनी दारातच हुकूम सोडला.

"शेवंता, औंदा पोर हिरव्यात पायजे. पेटीबिटीचं पुन्हा नको बघ. माझ्यात आता जिन्यात बसायची ताकद न्हाय."

"माझ्या हातात हाय व्हय ते, चिमणाक्का? तुमच्या सुनंच्या ताटात हाय."

ताटातच घोडं अडलं होतं. तेजस्वी दुपारी दीड भाकरीवर उठायची. सासूच उठवायची. यात दुष्टावा काही नव्हता, उलट माया होती. पोटात पोर फार वाढलं तर सुटका अवघड जाते, हे चिमणाबाईंनी स्वतःच्या सासूकडून ऐकलेलं, सासूनं तिच्या सासूकडून. राजवीर एवढासा होता म्हणून तर तेजस्वी सुखरूप सुटली, असं त्या ठासून सांगायच्या. शिवाय घरात दोन म्हशी असून दुधाचा थेंब सुनेच्या वाट्याला नव्हता. सकाळी किटली भरायची आणि संस्थेत जायची. वर वैरणीचा भारा तेजस्वीच्याच डोक्यावर.

शेवंताबाईंनी समजावून सांगायची चित्रांची वही काढली नाही. त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या आणि पाय पसरून म्हणाल्या,

"चिमणाक्का, ती पलीकडची म्हैस गाभण हाय न्हवं?"

"व्हय की. नववा चाललाय."

"धार किती देती?"

"खुळी काय गं तू? व्यायच्या आधी दोन महिनं धार काढत न्हाईत. आटवलिया तिला. अंगातलं सगळं दुधात गेलं तर पोटातल्या रेडकाला काय ऱ्हाईल?"

"आणि पेंड?"

"वाढवलिया. सरकीबी चालू हाय. आता न्हाय खायाची तर कधी?"

"रेडकू मोठं झालं म्हंजे मग? अडलं-बिडलं तर?"

समोरून तेजस्वी डोक्यावर भारा घेऊन येत होती. चिमणाबाईंनी सुनेकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, मग शेवंताबाईंकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून घरी गेली असती.

"सरळ बोलायचं की," त्या म्हणाल्या. "माझ्या म्हशीला कशाला मधी घेतीस?"

पण दुसऱ्या दिवसापासून किटली भरायच्या आधी तेजस्वीचा पेला भरू लागला. भाकरी मोजणं थांबलं. शेंगदाण्याची चटणी, मोड आलेली मटकी, आठवड्यातून दोनदा अंडी. अंडी उकडताना चिमणाबाई तोंड वाकडं करायच्या, पण उकडायच्या स्वतः. वैरणीचा भारा विजयसिंहाच्या डोक्यावर गेला. दुपारी जेवल्यावर दोन तास सुनेनं डाव्या कुशीवर पडायचं, हे तर त्यांनी एवढं मनावर घेतलं की गल्लीतून कुणी हॉर्न वाजवला तर त्या काठी घेऊन दारात यायच्या.

एवढं झाल्यावर वजनानं वर सरकायला हवं होतं. सरकेना. पाचव्यातून सहाव्यात जाईपर्यंत तेजस्वीचं वजन जेमतेम किलोभर वाढलं. रक्त साडेआठ. सिस्टरनी कपाळाला आठ्या घातल्या, सोनोग्राफीतही पोर बेताचंच दिसलं. शेवंताबाई विचार करून थकल्या. गोळ्या घेते का? घेते, पाकिटं तपासली होती. गोळीवर चहा पिते का? तेही बंद केलं होतं. दोन पोरांत अंतर चांगलं. मग मुरतंय कुठं?

उत्तर मिळालं ते एका दुपारी, आणि ते आधी नाकाला मिळालं. खराड्यांच्या गल्लीत शिरताच बाईंना ठसका लागला. शेजारच्या बनाबाई पदर नाकाला लावून दारात बसल्या होत्या. "चिमणाक्काची मिसरी चाललिया," त्या खोकत म्हणाल्या. "आता तासभर श्वास घ्यायचा न्हाय." चुलीवर लोखंडी तवा, तव्यावर तंबाखू, ती काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची, मग दगडी वरवंट्यानं बारीक करून डबीत भरायची. ही झाली मिसरी. दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची आणि मग तासन् तास तोंडात ठेवायची. चिमणाबाईंची ही सवय पंचेचाळीस वर्षांची. त्यासाठी वेगळा छोटा वरवंटाच होता त्यांच्याकडं, त्याला कुणी हात लावायचा नाही.

शेवंताबाई आत गेल्या. चिमणाबाई तव्यापुढं होत्या, आणि तेजस्वी भिंतीला टेकून बसली होती. तिनं चटकन उजवा हात पदराखाली घेतला. तेवढ्यात बाईंना दिसायचं ते दिसलं. पहिल्या बोटाचं टोक काळपट होतं.

"कवापासनं लावतीस?" त्यांनी विचारलं.

तेजस्वीनं मान खाली घातली. उत्तर चिमणाबाईंनी दिलं, तेही अगदी मोकळ्या मनानं. "मीच दिली की. सारखं मळमळायचं पोरीला, अन्न ठरत नव्हतं. म्हटलं चिमूटभर दाताला लाव, मळमळ मोडंल. राजवीरच्या टायमालाबी तसंच केलतं. बरं वाटतंय तिला."

शेवंताबाई चुलीपाशी खाली बसल्या. त्यांना वाटलं, हे शब्द आपण ऐकलेत. शब्दन् शब्द.

तरी त्यांनी आधी वही काढली. तंबाखू रक्तात जाते, पोराला मिळायचं रक्त कमी होतं, पोर लहान राहतं, असं जे शिकवलं होतं ते सांगितलं. चिमणाबाईंनी तवा हलवणं सोडलं नाही.

"कागदातलं नको सांगूस. मी तीन पोरं काढली मिसरी लावून. तिन्ही पैलवान. थोरल्याचा दंड बघितलायस न्हवं?"

खरंच, थोरल्याचा दंड दांडगा होता. शेवंताबाईंनी वही मिटली. उठून जावं असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तेजस्वीच्या त्या बोटाकडं पाहिलं आणि जे सोळा वर्षं गिळून ठेवलं होतं ते बाहेर आलं.

"माझी पयली लेक गेली, ठावं हाय तुम्हाला?"

"ऐकलतं. लई जुनं झालं की गं ते."

"मलाबी मळमळायचं. माझ्या सासूनंबी हेच सांगितलं. चिमूटभर लाव, मोडंल. वाईट नव्हती हो माझी सासू. स्वतःच्या डबीतली द्यायची. मी नऊ महिनं लावली. वर दीड भाकरी खायाची, पोर मोठं होईल म्हणून. रोज कामाला जायाची. पोरगी झाली ती एवढी." बाईंनी दोन्ही तळहात जोडून ओंजळ केली. "नवव्या दिवशी गेली. पुढं आशा झाल्यावर कागलला ट्रेनिंगला गेलते. तिथं मॅडम बोलल्या की मिसरीनं पोर हलकं होतंय. सगळ्या बायका लिहून घेत होत्या. मी उठले आणि नळाखाली तोंड धरलं."

चूल तडतडत होती. तेजस्वी रडायला लागली होती.

"सिस्टरना नंतर विचारलं मी. माझी पोर मिसरीनं गेली का हो? त्या म्हणाल्या, कशानं गेली ते आज कुणालाच सांगता यायचं न्हाय. तुझं वय लहान, रक्त कमी, पोटाला कमी, काम जास्त, वर मिसरी. सगळ्यानं मिळून झालं असंल. खरं हाय त्यांचं. तुमची तीन पोरं तगली, तुम्हाला मिसरी खपली, चिमणाक्का. माझ्या पोरीला न्हाय खपली. हिच्या पोटातल्याला खपंल का न्हाय, कुणाला ठावं? बाबासोलाबी मी हे सांगितलं न्हाय कधी. तुम्हालाच सांगतेय."

चिमणाबाईंनी तवा खाली उतरवला. तंबाखू करपून राख व्हायला आली होती.

"च्या टाकू का?" चिमणाबाईंनी विचारलं.

शेवंताबाईंना वाटलं, आपलं काळीज काढून या बाईपुढं ठेवलं आणि हिला चहा सुचतोय. त्या नको म्हणून निघून आल्या. घरी येऊन पडून राहिल्या. बाबासोंनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. उगाच बोललो, असं त्यांना दोन दिवस वाटत राहिलं. गावभर झालं तर? बाईनं स्वतःच्याच लेकराला असं केलं, म्हणतील.

तिसऱ्या दिवशी बनाबाईच तरातरा दारात आल्या. "शेवंता, चिमणाक्काला काय झालंय बघ गं. सकाळधरनं तिघांशी भांडली. दूधवाल्याशी, माझ्याशी आणि म्हशीशी. डोकं आवळून बसलिया. डॉक्टर म्हटलं तर अंगावर धावती."

शेवंताबाई गेल्या. चिमणाबाई कपाळाला फडकं घट्ट बांधून ओसरीवर बसल्या होत्या, डोळे लाल. बाईंना बघताच त्यांनी पदराखालून पितळेची डबी काढली आणि आदळल्यासारखी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे घिऊन जा. परवाच्यानं तोंडात घेतली न्हाय. घरात डबी असली की माझा हात जातोय, माझा गेला की हिचा जाणार. पंचेचाळीस वर्षं झाली, शेवंता. डोस्कं फुटाय आलंय. तू लई वाईट बाई हायस."

शेवंताबाईंनी डबी उचलली. त्या नुसत्या म्हणाल्या, "बडीशेप भाजून ठिवा. ओवाबी चालंल."

पुढचे पंधरा दिवस गल्लीनं जे सोसलं ते गल्लीलाच ठाऊक. चिमणाबाई दिवसभर बडीशेप चघळायच्या आणि कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जायच्या. एकदा तर पलीकडच्या गल्लीत कुणीतरी मिसरी भाजत होतं, आणि ही बाई वाऱ्याच्या बाजूला भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी असलेली बनाबाईंनी पाहिली. एकदा चुकल्याही. लग्नाला गेल्या होत्या, कुणीतरी डबी पुढं केली, बोट गेलं. घरी येऊन त्यांनी आपण होऊन सुनेला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंना निरोप पाठवून बोलावून घेऊन सांगितलं, जणू पोलिसात हजर होत होत्या. तेजस्वीचं मात्र पहिल्या आठवड्यातच सुटलं. सासू समोर एवढी तळमळत असताना आपण चोरून लावायची, हे तिला जमलंच नसतं.

सातव्यापासून काटा हलू लागला. महिन्याला दोन किलो, कधी वर शंभर-दोनशे ग्रॅम. रक्त दहाच्या पुढं गेलं. सिस्टरच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मिसरीनं किती, दुधानं किती, झोपेनं किती, हिशेब कुणी मांडत बसलं नाही.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, एका सकाळी तेजस्वीला मुरगूडच्या दवाखान्यात नेली. शेवंताबाई बरोबर होत्या. चिमणाबाई बाहेर बाकावर न बसता जिन्याच्या पायरीवर बसल्या. सवयच लागली होती त्यांना जिन्याची. साडेअकराला पोर रडलं, आणि ते दांडगं रडलं, दोन भिंती ओलांडून बाहेर ऐकू येईल असं. नर्सनं पुसून, गुंडाळून क्षणभर शेवंताबाईंच्या हातांत दिलं. तिलाही या हातांची ख्याती ठाऊक होती. "सांगा बघू, मावशी."

शेवंताबाईंनी पोर तोललं. गरम, भरलेलं, जड. तळहातांना भार कळला आणि त्यांचे डोळे वाहू लागले.

"दोन आठशे," त्या म्हणाल्या. "वर थोडंच असंल."

काट्यावर दोन किलो आठशे तीस भरलं. मुलगी होती.

त्या बाहेर आल्या. चिमणाबाई पायरीवरून उठल्या. मुलगा की मुलगी, सून कशी आहे, यातलं काही त्यांच्या तोंडून आधी निघालं नाही.

"हिरव्यात हाय का?"

"हिरव्यात हाय, चिमणाक्का. चांगली आत, हिरव्यात हाय. लेक झालीया. तेजस्वी झ्याक हाय."

चिमणाबाई पुन्हा पायरीवर बसल्या आणि एवढ्या मोठ्या आवाजात रडल्या, की वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून खाली बघायला लागले. शेवंताबाई शेजारी बसल्या. आपल्याला कुणाचे तरी आभार मानायचेत, असं त्यांना फार वाटत होतं. शेवटी त्यांनी चिमणाबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही सोडलीत म्हणून झालं हे." चिमणाबाईंनी हात झटकला. "गप गं. तू सांगितलंस म्हणून झालं. ते सांगणं काय सोपं व्हतं व्हय?" आणि झटकलेला हात पुन्हा धरला.

बाराव्या दिवशी बारसं. पाळण्याला झेंडूच्या माळा, गल्लीतल्या सगळ्या बायका, घुगऱ्यांची पातेली. आपल्याकडं बाळाआधी वरवंट्याला कुंची घालतात, त्याला पाळण्याच्या खालून वरून फिरवतात, पोर वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. चिमणाबाईंनी त्यासाठी कुठला वरवंटा काढावा? तोच, मिसरीचा. तीन वेळा राखेनं घासलेला, उकळत्या पाण्यातून काढलेला, वर लिंबू चोळलेलं. बनाबाईंनी वास घेऊन बघितला. "नाक कशाला लावतीस?" चिमणाबाई कडाडल्या. "पंचेचाळीस वर्षं मिसरी वाटली त्यानं. आता माझ्या नातीची राखण करू दे."

मग नाव ठेवायची वेळ आली. नाव आत्यानं ठेवायचं, आणि या घरात लेक नाही. राजवीरच्या वेळी कसबा बावड्याहून चुलत आत्या आणवली होती. ती आत्ताही आली होती, नवी साडी नेसून, पाळण्याजवळ सरकत होती. चिमणाबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"तू बस. आत्या हिकडं हाय. शेवंता, ये पुढं."

सगळ्या बायकांच्या माना दाराकडं वळल्या. शेवंताबाई मागं दाराजवळ उभ्या होत्या, काट्याची पिशवी खांद्याला. चौदाव्या दिवसाचं वजन दोन दिवसांनी असतं, पण त्या कुठंही पिशवीशिवाय जात नाहीत. "मी कशी आत्या, चिमणाक्का?" त्या हळूच म्हणाल्या.

"मी म्हणते म्हणून. माझ्या पोरांची भण हायस आजपासनं. विज्या, व्हय का न्हाय?" विजयसिंहानं हसून मान हलवली. त्या घरात नाही म्हणायची पद्धतच नाही. तेजस्वीनं पोर स्वतः पुढं केलं.

बाई पाळण्यापाशी आल्या. चिमणाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. त्यांचं कुजबुजणंही अर्ध्या ओसरीला ऐकू जातं, पण या खेपेला खरंच हळू बोलल्या.

"तुझ्या पोरीचं नाव काय ठिवायचं ठरवलं व्हतंस?"

शेवंताबाईंनी पाळण्याची दोरी धरली. ते नाव त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं, शेजारच्या घरातल्या, पोटात पोर असताना. त्या काळी गावात असलं नाव कुणाचंच नव्हतं. छत्तीस वर्षांत ते त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं.

"नको, चिमणाक्का. गेलेल्या पोरीचं..."

"गेलेल्या पोरीचं कसं? तिला तू ठिवलंच न्हाईस. वापरलंच न्हाई कुणी. कोरंच हाय की ते नाव. ठीव."

शेवंताबाई पाळण्यात वाकल्या. पोरीच्या कानाशी तोंड नेलं. मग त्यांनी सांगितलं, आधी कानात, आणि मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"श्रुती."

आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीतच आहे. पंधरावीस हात एकदम पडले. शेवंताबाई पाळण्याच्या दोरीला धरून तशाच वाकून राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"अगं हळू मारा की," बनाबाई घाबरून म्हणाल्या. "रडाय लागली ती."

"मारा," चिमणाबाई म्हणाल्या, आणि स्वतःही एक चांगला सणसणीत धपाटा घातला. "चांगलं मारा. छत्तीस वर्षांचं राहिलंय तिचं."